लग्नचौकापासून नामपट्टिकेपर्यंत : वारली चित्र आणि 'समकालीन' हे विशेषण

१९८९ साली १८ मे ते १४ ऑगस्ट या काळात पॅरिस येथे एक प्रदर्शन भरले होते. पाँपिदू केंद्र आणि ला व्हिलेत येथील मोठे दालन अशा दोन ठिकाणी ते मांडलेले होते, आणि त्याचे नाव होते 'मॅजिसियँ द ला तेर', म्हणजे 'धरतीचे जादूगार'. शंभराहून अधिक कलावंत त्यात सहभागी होते. त्यांपैकी सुमारे निम्मे युरोप-अमेरिकेतील व उरलेले आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, लॅटिन अमेरिका इत्यादी प्रदेशांतील होते. भारतातून जे पाच कलावंत निवडले गेले त्यांत मिथिलेच्या बौआ देवी होत्या, परधान गोंड समाजातील जनगढ सिंह श्याम होते, आचार्य व्याकुल व राजा बाबू शर्मा होते. आणि पाचवे होते त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातील, डहाणू तालुक्याचे जिव्या सोमा म्हसे. ज्या दालनांत लुईझ बुर्जुआ, अँसेल्म कीफर, नाम जुन पाइक यांची कामे होती, त्याच दालनांत गेरू, शेण आणि पांढरी रेघ यांवर उभे असलेले वारली चित्र 'आधुनिक कला' या संज्ञेच्या कक्षेत प्रथमच एवढ्या ठळकपणे दाखल झाले.

प्रस्तुत लेख कलासमीक्षेचा नाही. लेखकाचा विषय भाषा हा असून चित्राच्या गुणदोषांविषयी निर्णय देण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु संग्रहालयात टांगलेल्या प्रत्येक चित्राशेजारी एक लहानशी पट्टिका असते, तीवर चार-सहा शब्द असतात आणि पाहणारा बहुधा चित्राच्या आधी ते शब्द वाचतो. या शब्दांचे व्याकरण काय, ते कोणाविषयी काय गृहीत धरतात, आणि डहाणू-तलासरीच्या मुलखातील एका वस्तूला नाव देताना ते कोठे अपुरे पडतात, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून यावे.

आरंभ मूळ वस्तूपासून करू. वारली घरातील लग्नाच्या वेळी आतल्या भिंतीवर 'चौक' लिहिला जातो. भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काड्यांची, शेणामातीने लिंपलेली. तीवर गेरूचा हात. आणि त्या तांबड्या पृष्ठावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. लेखणी म्हणून बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केलेली असते. मधल्या चौकोनात पालघट ही सुफलतेची देवता. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिर्या देव. चौकोनाच्या कडांना बारीक नक्षीच्या अनेक पट्ट्या, आणि बाहेर झाडे, पशू, माणसे, नाचणारे फेर. हे काम सवासिणींचे. लग्नाचे विधी गाण्यांतून चालवणारी धवलेरी ही देखील स्त्रीच. पुरुषाचा या कामाशी संबंध नाही.

येथे एका क्रियापदाकडे लक्ष वेधले पाहिजे. चौक 'काढत' नाहीत, 'रंगवत' नाहीत; तो लिहितात. नागर मराठी वाचकाला हा प्रयोग चमत्कारिक वाटतो, आणि काही लेखकांनी तर त्यावरून वारली चित्र ही एक 'लिपी' असल्याचा उत्साही सिद्धांतही मांडला आहे. तसे मानण्याचे कारण नाही. संस्कृत 'लिख्' धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे असा आहे. अक्षर लिहिणे हा त्याचा नंतरचा, संकुचित झालेला अर्थ होय. 'आलेख्य' म्हणजे चित्र, आणि 'चित्रलेखा' हे नाव आपल्या परिचयाचे आहेच. जुन्या मराठीतही चित्र लिहिले जात असे. मिथिलेतील स्त्रियाही आपल्या भिंतीवरील कामाला लिहिणेच म्हणतात. तेव्हा वारली बोलीने येथे नवे काही केलेले नाही. आपण जो अर्थ गमावला तो तिने राखला आहे, इतकेच.

मात्र या क्रियापदाचे एक वैशिष्ट्य विचारात घेण्यासारखे आहे. 'चौक लिहिणे' ही एक घटना आहे. तिला कर्ता ठरलेला, काळ ठरलेला, स्थळ ठरलेले. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा उक्तींचा विचार केला होता, की ज्यांचा उच्चार हीच कृती असते. मराठी वाचकाला उदाहरण दूर शोधावयास नको. अंतरपाटापाशी 'शुभमंगल सावधान' हे शब्द उच्चारले जातात तेव्हा ते कशाचे वर्णन करीत नाहीत. ते लग्न लावतात. परंतु तेच शब्द नाटकातील भटजीने रंगमंचावर म्हटले तर नट-नटीचे लग्न लागत नाही. ऑस्टिनच्या मते योग्य व्यक्ती, योग्य प्रसंग आणि योग्य विधी यांपैकी एकही घटक ढळला की उक्ती पोकळ होते. चौकाचे तसेच आहे. सवासिणीने, लग्नाच्या वेळी, लग्नघराच्या भिंतीवर लिहिलेला चौक पालघटीला तेथे आणतो. तोच आकृतिबंध एखाद्या उपाहारगृहाच्या भिंतीवर, पिशवीवर किंवा सरकारी कार्यालयाच्या कुंपणावर उमटला तर तो चौक राहत नाही. चौकाचे अवतरण होतो. आणि लग्न उरकल्यावर भिंतीवरचा खरा चौक हळूहळू विटतो, पुढच्या लिंपणाखाली जातो, याचे कोणाला दुःख होत नाही. उक्ती उच्चारून झाली. ती जपून कशासाठी ठेवायची?

या भूमिकेवरून पुढचे पाऊल उचलण्याचा मोह होतो. चौक संग्रहालयात गेला म्हणजे तो पोकळ झाला, संग्रहालयाने त्याचा प्राण घेतला, असा निष्कर्ष काढून मोकळे व्हावेसे वाटते. वर्गात हा विषय निघाला की हुशार विद्यार्थी हेच म्हणतात. प्रस्तुत लेखकानेही पुष्कळ वर्षे हेच मत बाळगले होते. ते चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे पाहण्यासाठी म्हसे यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगावचा. लहानपणीच त्यांची आई गेली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे हा मुलगा बोलतच नसे, धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे दाखवी, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. अकराव्या वर्षी ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर आले आणि पुढे तेथेच राहिले. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या मुलखात येऊ लागले. विणकर सेवा केंद्राशी संबंधित असलेल्या या विलक्षण गृहस्थांनी १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात, पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून, मिथिलेतील स्त्रियांच्या हाती कागद दिले होते. तोच प्रयोग त्यांनी येथे केला. कागदावर काम करणाऱ्यांत एक पुरुष निघाला, तो म्हणजे म्हसे. त्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांची चित्रे लागली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

(त्यांच्या आडनावाच्या लेखनाविषयी एक गोष्ट सांगून टाकतो. मराठी वृत्तपत्रांत ते 'म्हसे' असेही छापले जाते आणि 'मशे' असेही. रोमन लिपीत 'म्ह' या जोडाक्षरातील महाप्राण गळून पडतो, आणि मग इंग्रजी बातमीवरून मराठी बातमी करणारा उपसंपादक त्या रोमन अक्षरांवरून नाव उलट वाचतो, असे त्याचे कारण दिसते. डहाणूचा माणूस पॅरिसमार्गे मराठीत परत आला, तो एक ध्वनी गमावून.)

आता या चरित्रातील मुद्द्याची गोष्ट अशी की चौक लिहिण्याचा अधिकार म्हसे यांना मुळातच नव्हता. ते पुरुष होते. त्यांनी कागदावर जे केले तो भिंतीवरून उचलून आणलेला चौक नव्हे. लग्नचौकात मधला चौकोन पालघटीचा, आणि झाडे, पशू, माणसे, फेर धरून नाचणारे लोक हे सारे कडेला, एखाद्या पोथीच्या समासात असावे तसे. म्हसे यांनी मधला चौकोन बहुधा सोडूनच दिला आणि तो समास सर्व पृष्ठावर पसरू दिला. मासे धरण्याचे जाळे हा त्यांचा आवडता विषय. अगणित बारीक रेघांनी विणलेले जाळे अवघे चित्र व्यापते आणि त्याच्या कडेला तळहातावरच्या तिळासारखी माणसे दिसतात. तारप्याच्या नाचात मध्ये वाजवणारा आणि त्याच्याभोवती चक्राकार उलगडत जाणारी माळ. मुंग्यांची वारुळे. भाताची शेते. पुढे पुढे आगगाडीसुद्धा. यांतले काहीही विधी नाही. तेव्हा येथे कोणतीही विधीची उक्ती रंगमंचावर नेऊन पोकळ केलेली नाही. विधीच्या भाषेतील शब्दसंग्रह घेऊन एका माणसाने गद्य लिहावयास घेतले, असे फार तर म्हणता येईल. मंत्राच्या भाषेत कोणी आपल्या गावाची हकीकत लिहू लागावे, तसे हे झाले. संग्रहालयाच्या भिंतीवर ही चित्रे लावली तर त्यांचे काही बिघडत नाही, कारण ती प्रथमपासूनच सुट्या, हलवता येणाऱ्या पृष्ठासाठी केलेली आहेत. या अर्थाने ती आधुनिक आहेत. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांच्या साधेपणामुळे ती पाश्चात्त्य आधुनिक चित्रासारखी दिसतात म्हणून नव्हे. ते दृश्यसाम्य योगायोगाचे आहे, आणि त्याच्यावर भिस्त ठेवणारी समीक्षा फार दूर जात नाही.

अशाच दृश्यसाम्यावर उभारलेले एक मोठे प्रदर्शन पॅरिसच्या आधी पाच वर्षे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने भरवले होते. १९८४ च्या त्या प्रदर्शनात पिकासो आदींच्या कृतींशेजारी आफ्रिका व ओशनिया येथील मुखवटे आणि मूर्ती मांडल्या होत्या, आणि 'आदिम' व 'आधुनिक' यांतील आप्तभाव हा त्याचा विषय होता. दोन पट्टिकांतील अंतर मात्र कोणाच्याही नजरेत भरण्याजोगे होते. एका बाजूस व्यक्तीचे नाव व वर्ष, दुसऱ्या बाजूस जमातीचे नाव व वर्षाचा अभाव. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर एकीकडे विशेषनाम, दुसरीकडे समूहवाचक नाम. एकीकडे भूतकाळ, दुसरीकडे कालनिरपेक्ष वर्तमान, ज्या वर्तमानात आपण 'सूर्य पूर्वेस उगवतो' असे म्हणतो. 'पिकासोने १९०७ मध्ये चित्र काढले', पण 'अमुक जमात मुखवटे करते'. योहानेस फाबियन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात मानवशास्त्राच्या या सवयीला, म्हणजे दुसऱ्याला आपल्या काळात जागा नाकारण्याला, नेमके पकडले होते.

'धरतीचे जादूगार' हे प्रदर्शन त्याला दिलेले उत्तर होते. त्याचे प्रमुख जाँ-ह्यूबेर मार्तँ यांनी जिवंत आणि नाव असलेले कलावंतच घेतले, आणि ग्रंथरूप सूचीत न्यूयॉर्कच्या कलावंताला व गंजाडच्या कलावंताला सारखीच जागा दिली. एवढ्या एका निर्णयासाठी तरी या प्रदर्शनाचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु शीर्षकाचे काय? 'कलावंत' हा शब्द सर्वांना लागू पडणार नाही म्हणून 'जादूगार' असा शब्द योजला गेला. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की बर्लिनच्या किंवा न्यूयॉर्कच्या कलावंताच्या बाबतीत 'जादूगार' हे रूपक ठरले, आणि वारली चित्रकाराच्या बाबतीत पाहणाऱ्यांनी ते अक्षरशः घेतले. पुन्हा वारली समाजव्यवस्थेत पाहिले तर हा शब्द कोणालाच बसत नाही. मंत्रतंत्र जाणणारा तो भगत. चौक लिहिणारी ती सवासीण. आणि कागदावर चित्रे काढणारे म्हसे या दोहोंपैकी कोणीच नव्हते. शिवाय भारतातून निवडलेल्या पाचांत हुसेन, गायतोंडे यांच्या पिढीतील वा परंपरेतील एकही नाव नव्हते. भारताची आधुनिक कला या निवडीतून वगळली गेली आणि लोकपरंपरा तेवढी 'अस्सल' ठरली, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आणि तो योग्य आहे.

त्या प्रदर्शनातील एक मांडणी विशेष गाजली. ला व्हिलेतच्या दालनात इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग याने भिंतीवर तांबड्या चिखलाने, हातांनी, एक प्रचंड वर्तुळ रेखले होते, आणि त्याच्यासमोर जमिनीवर मध्य ऑस्ट्रेलियातील युएंदुमू येथील वार्लपिरी समाजाच्या कलावंतांनी भूमिचित्र केले होते. (वार्लपिरी आणि वारली या नामसादृश्यावरून कोणी व्युत्पत्ती काढू नये, आमच्या विषयात असले अपघात रोज घडतात.) उभ्या भिंतीवरच्या एका माणसाच्या वर्तुळाचा जमिनीवरच्या सामूहिक कामावर वरचष्मा राहिला, अशी टीका झाली. या लाँगचा आणि म्हसे यांचा पुढे प्रत्यक्ष संबंध आला हे वाचकांपैकी काहींना ठाऊक नसेल. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे, ज्या संग्रहालयाचे संचालक तेव्हा तेच मार्तँ होते, लाँग व म्हसे या दोघांचेच एक प्रदर्शन भरले. त्याचे नाव 'संवाद' या अर्थाचे होते. पुढे ते मिलान येथेही लागले. येथे पट्टिकेवर दोन विशेषनामे समोरासमोर होती. कोणी कोणाची पार्श्वभूमी नव्हते. चालण्याला कला मानणारा एक माणूस आणि पायवाटा, जाळी, मुंग्यांच्या रांगा रेखणारा दुसरा, यांना एका भिंतीवर आणण्यास 'जादूगार' या शब्दाची गरज पडली नाही.

आता या लेखाच्या मुख्य शब्दाकडे येतो. भारतात या कलावंतांना 'समकालीन' म्हणण्याचा ठाम प्रयत्न १९९८ मध्ये नवी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात ज्योतींद्र जैन यांनी केला. म्हसे, जनगढ, गंगा देवी, सोनाबाई आणि नीलमणी देवी या पाचांवरील त्या उपक्रमाच्या शीर्षकात 'अन्य आचार्य' असा मथळा होता आणि त्याखाली 'भारतातील पाच समकालीन लोक व आदिवासी कलावंत' असे स्पष्टीकरण. 'समकालीन' आणि 'आदिवासी' ही दोन विशेषणे तोपर्यंत परस्परांना वर्ज्य मानली जात. ती एकाच नामापुढे शेजारी बसवणे हे धाडसच होते. 'अन्य' या शब्दाने मात्र एक दार किलकिले करून पुन्हा लोटून घेतले. अन्य, म्हणजे कोणाहून अन्य? २०१० मध्ये हाच मथळा फ्रेंचमध्ये पॅरिसला गेला, परंतु पाँपिदू केंद्रात नव्हे, तर मानववंशशास्त्रीय संग्रह ठेवणाऱ्या के ब्रान्ली संग्रहालयात. एकवीस वर्षांत, त्याच शहरात, म्हसे आधुनिक कलेच्या घरातून निघून जमातींच्या वस्तूंच्या घरात आले. पट्टिकेवरील 'समकालीन' हा शब्द इमारतीच्या दारावरील शब्दापुढे किती दुबळा ठरतो हे यावरून समजावे.

परंतु या शब्दाची खरी अडचण इमारतीची नाही, व्याकरणाची आहे. 'आधुनिक' हे विशेषण 'अधुना', म्हणजे 'आता', यावरून आलेले असून ते एकट्याने उभे राहू शकते. 'समकालीन' तसे नाही. ते संबंधवाचक आहे आणि त्याला षष्ठीची अपेक्षा आहे. नामदेव ज्ञानेश्वरांचे समकालीन. आगरकर टिळकांचे समकालीन. नुसते 'नामदेव समकालीन होते' हे वाक्य अपुरे आहे, ऐकणारा 'कोणाचे?' असे विचारील. कलेच्या व्यवहारात ही षष्ठी गाळली जाते आणि गाळलेल्या जागी पाहणाऱ्याने आपण होऊन 'आमचे' हा शब्द भरावा अशी अपेक्षा असते. म्हणून 'समकालीन आदिवासी कलावंत' याचा अर्थ, 'आदिवासी असूनही आमच्या काळात आलेला', असा लागतो. त्याचा काळ आमच्या काळाने मोजला जातो. उलट प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारून पाहू : जिव्या सोमा म्हसे कोणाचे समकालीन होते?

१९४५ साली ते अकरा वर्षांचे होते. त्या वर्षी २३ मे रोजी, त्यांच्या जन्मगावाच्या मुलखात, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करावयाची नाही असे हजारोंनी ठरवले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेच्या या लढ्यावर त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच आदिवासी मारले गेले. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे भास्कर कुलकर्णी कागद घेऊन डहाणूकडे येत होते, नेमक्या त्याच सुमारास. एकाच प्रदेशाविषयीची ही दोन्ही कथने मराठी वाचकाला एकदमच मिळाली, आणि तरीही चित्रांविषयीच्या लेखनात या लढ्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

या लढ्याने आपल्या भाषेच्या अभ्यासकाला एक शब्द दिला आहे : 'लग्नगडी'. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी त्याच्या घरी राबायचे. कर्ज फिटत नसे, आणि लग्न करून आणलेली बायकोही त्याच राबण्यात ओढली जाई. अशा वेठबिगाराला म्हणत लग्नगडी. 'लग्नचौक' आणि 'लग्नगडी' हे दोन्ही समास एकाच पूर्वपदाचे. एकच लग्न, त्याने आतल्या भिंतीवर पालघट लिहिली आणि बाहेर एका माणसाला गहाण टाकले. वारली चित्रांविषयीच्या माहितीत पहिला समास पुष्कळदा असतो. दुसरा या लेखकाच्या पाहण्यात एकदाही आलेला नाही. ज्या लग्नाचा खर्च माणसाला आयुष्यभर फेडावा लागे, त्याच लग्नाच्या भिंतीवर भरलेले घट, झाडे आणि भात लिहिले जात, हे एकदा कळले की चौकातील सुफलतेच्या देवतेकडे केवळ 'निसर्गाशी एकरूप जीवनाचे प्रतीक' म्हणून पाहता येत नाही. ते तयार वाक्य कोणी लिहून ठेवले आहे कोण जाणे, पण ते सर्वत्र चिकटवलेले असते.

जमिनीची गोष्ट १९४५ वर संपत नाही. १९७६ च्या पुरस्कारानंतर म्हसे यांना जमीन देण्याचे आश्वासन मिळाले होते. ती प्रत्यक्ष हाती पडण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. म्हणजे पॅरिस, दिल्ली, ड्युसेलडॉर्फ या सर्व प्रदर्शनांच्या काळात भाताची शेते रेखणारा हा चित्रकार आश्वासित शेताची वाट पाहत होता. आज त्याच तालुक्यांतून मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा मार्ग जातो, आणि डहाणूनजीक वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. भूसंपादनाच्या या काळातही सार्वजनिक भिंती सजवण्यासाठी पांढऱ्या रेघांची वारली माणसे हमखास बोलावली जातात.

काही वर्षांपूर्वी एका शहरातील संग्रहालयात, ज्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, एका वारली चित्राखाली 'लोककला, कलाकार अज्ञात' अशी पट्टिका पाहण्यात आली. चित्राच्या कोपऱ्यात, देवनागरीत, स्वच्छ सही होती. सोबतच्या विद्यार्थिनीने ती मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा पहारेकरी हसला. वर्गात परत आल्यावर आम्ही अशा चित्रासाठी मराठी पट्टिका लिहिण्याचा सराव केला. व्यक्तीचे नाव, गाव, पाडा, तालुका, जन्मवर्ष, माध्यम, इथपर्यंत अडचण आली नाही. 'आदिवासी' हा शब्द ठेवावा की नाही यावर तासभर वाद झाला. एकाने म्हटले, पिकासोच्या पट्टिकेवर 'स्पॅनिश' लिहितात, मग 'वारली' लिहिण्यास हरकत काय? दुसऱ्याने उत्तर दिले, स्पॅनिश लिहितात, पण त्याच्या चित्राला 'स्पॅनिश कला' म्हणून वेगळ्या दालनात नेत नाहीत. दोघांचेही बरोबर होते. 'समकालीन' हा शब्द शेवटी सर्वानुमते गाळला, कारण जन्मवर्ष आणि चित्राचे वर्ष दिल्यावर त्याला करण्यासारखे काम उरत नाही.

एका प्रश्नाला मात्र उत्तर मिळाले नाही. म्हसे यांच्या समासातील झाडे, माणसे आणि फेर ही ज्यांच्या चौकांतून आली, त्या सवासिणींची नावे पट्टिकेवर कशी लिहायची? त्यांनी सही केली नाही, कारण चौकावर सही करण्याची कल्पनाच तेथे असंगत आहे. मंत्राखाली कोणी आपले नाव घालीत नाही. 'अज्ञात' हा शब्द लिहावा तर तो खोटा आहे. त्या बायका आपल्या पाड्यावर चांगल्या ज्ञात होत्या, आणि अमुक घरचा चौक कोणी लिहिला हे लग्नाला आलेल्या प्रत्येकीला ठाऊक असे. एका विद्यार्थिनीने त्या जागी नुसते 'लिहिणाऱ्या : धामणगाव व कळंबीपाडा येथील सवासिणी' असे लिहून दिले. तो कागद विभागाच्या फळ्यावर अजून लावलेला आहे.